तुरीच्या वावरातलं विमान

अमरावती
३ ऑगस्ट २०२५

ती. मामा यांस,
आचलचा सा. नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण गेल्या वर्षभरात आपण फोनवर काय बोललो ते आठवून पाहा. तुम्ही "कशी आहेस बेटा" म्हणता, मी "ठीक" म्हणते, मग दोघंही गप्प, आणि शेवटी तुम्ही अकोल्याच्या उन्हाचं सांगता. त्यापेक्षा लिहिणं बरं. शिवाय एसटीच्या पार्सलनं एक खोका पाठवायचाच होता.

घरी फोन लावू नका हे तर तुम्हाला माहीतच आहे. आई अजून तुमचं नाव घेत नाही. अंकुरच्या तेरवीला ती सगळ्यांसमोर बोलली, "माया पोराच्या हाती इमान तूच देलं, देवराव." ते तिनं पुन्हा कधी उच्चारलं नाही आणि मागेही घेतलं नाही. यंदा राखीची वाट पाहू नका. मी विचारून पाहिलं होतं, तिनं ऐकलं नाही असं दाखवलं.

परवा तिनं त्याचं कपाट आवरायला काढलं. आवरलं काहीच नाही, कपडे बाहेर काढले आणि होते तसे परत ठेवले. सगळ्यात खाली हा किट निघाला, न उघडलेला. फ्लाइंग स्कूलमध्ये तो जे दोन माणसांचं शिकाऊ विमान उडवायचा तेच, अठ्ठेचाळीस पट लहान. झाकणावर त्याच्या अक्षरात लिहिलंय, "मामासोबत, दिवाळीत." दिवाळीआधीच तो गेला, म्हणून तसाच राहिला.

तुम्ही विमान करा, मी जमीन करते. नेहमीचीच आपली वाटणी. इतकी वर्षं तुम्ही तिकडे पंख चिकटवत बसलात आणि मी इकडे दाताच्या प्लास्टरच्या धावपट्ट्या केल्या, आणि दरवेळी दोन्ही एकमेकांवर नीट बसले. हेही बसेल.

माझं ठीक आहे. दवाखाना चालू आहे. दात काढते, दात बसवते. अंकुरसाठी मला अजून एकदाही रडू आलेलं नाही. ही तक्रार नाही, तुम्ही विचारता म्हणून सांगितलं.

तुमची,
आचल


अकोला
१९ ऑगस्ट २०२५

चि. आचल हीस,
अनेक आशीर्वाद.

खोका मिळाला. कंडक्टरनं तो सीटखाली एका माणसाच्या कांद्याच्या पोत्याशेजारी ठेवला होता, त्यामुळे आख्ख्या किटला कांद्याचा वास आहे. आठवडाभर मी तो उघडला नाही. टेबलावर ठेवून त्याच्या आजूबाजूनं जेवलो. वरच्या माणिकबाई भाजी द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, मिठाई आली काय कुठून?" मी म्हटलं, हो, बहिणीकडून. त्यांनी माझ्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं आणि भाजी ठेवून वर गेल्या.

काल उघडला. भाग चांगले आहेत, कडा स्वच्छ आहेत, काचेचा घुमट एका तुकड्यात आहे. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना ड्रॉइंग शिकवलं, पण या कंपनीच्या नकाशाला नाव ठेवायला मला जागा सापडली नाही, म्हणून जरा मन खट्टू झालं. तुझा हा मामा दोष काढल्याशिवाय कामाला लागत नाही, हे तुला माहीत आहे.

आता कामाचं. मला इतकं सांग. विमान उभं आहे की हवेत? उभं असेल तर घुमट उघडा ठेवायचा की बंद? पंखा थांबलेला की फिरता? जमीन कसली करतेस, डांबर की गवत? जमीन सपाट की उतार? तुझा खाका आल्याशिवाय मी चाकं चिकटवणार नाही. मागच्या वेळी घाई केली आणि आपलं ते मालवाहू विमान तुझ्या धावपट्टीवर एक पाय वर करून उभं राहिलं. मॉडेलांच्या प्रदर्शनात एका मास्तरांनी विचारलंही, की हे विमान काय करून राहिलं.

शेपटीवरचा नंबर तूच लिहून पाठव. मला माहीत आहे, पण तू पाठव.

अंकुर लहान असताना माझ्या या टेबलाशी बसायचा आणि एकही भाग न चिकटवता नुसते हातात घेऊन फिरवायचा, तोंडानं आवाज काढत. मी म्हणायचो, "अबे, बनवशील कवा?" तो म्हणायचा, "मामा, तुमी बनवा, मी उडवतो." मला त्याची फार आठवण येते. हे फोनवर म्हणता आलं नसतं, म्हणून तू पत्राचं काढलंस ते बरं केलंस.

तुझा मामा,
देवराव


अमरावती
२१ सप्टेंबर २०२५

ती. मामा,
सा. न.

वर्षश्राद्ध झालं. तुम्हाला निरोप गेला नाही, मला ते थांबवता आलं नाही. सगळं रीतसर पार पडलं. आईनं त्याच्या आवडीचं सगळं केलं. मी वाढलं. कावळा लगेच शिवला तेव्हा काकू म्हणाल्या, पोरगा सुखी आहे. मी मान हलवली आणि ताटं उचलायला लागले. संध्याकाळी एका पेशंटची कवळी बसवली.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. जमीन डांबराची नाही, शेताची आहे. तुरीचं वावर, मधे कपाशीच्या ओळी. तूर काथ्याच्या धाग्यांची केली, पानांना चहाचा चोथा वाळवून, रंगवून लावला. माती खरी आहे. नांदगाव पेठेच्या रस्त्यावरून काळी माती आणली, गाळणीतून गाळली, फेविकॉलच्या पाण्यात बसवली. वाळली तशा तिला भेगा पडल्या. पहिल्यांदा फार मोठ्या पडल्या, त्यात आपलं वीतभर विमान हरवलं असतं. मग थर पातळ केला. आता भेगा मापात आहेत.

सोबत दोन खाके पाठवते. कागदावर विमानाची बाहेरची रेषा आहे, ते कुठे येईल ती. आणि हे तिकोनी कार्ड त्याच्या डाव्या पंखाखाली धरा, विमान तेवढं डावीकडे कललेलं हवं. नाक किंचित खाली. कार्ड तंतोतंत पाळा, कारण माझी जमीन आता वाळली आहे आणि बदलता येणार नाही.

पंखा फिरता नाही. बाकी तुम्हाला कळेल.

नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे.

काम करताना बरं वाटतं का, असं मधे एका मैत्रिणीनं विचारलं. बरं नाही वाटत. काहीच वाटत नाही. पण हात चालू असतात तेव्हा निदान कोणी बोलायला येत नाही.

आचल


अकोला
१३ ऑक्टोबर २०२५

चि. आचल हीस,
अनेक आशीर्वाद.

कार्ड पंखाखाली धरलं आणि माझ्या लक्षात आलं. उडतं विमान. इतक्या वर्षांत आपण एकही उडतं केलं नाही, तू नेहमी म्हणायचीस की काडीवर टोचलेलं विमान तुला आवडत नाही. आणि आता तूच डावं वळण काढलंस, खाली तुरीचं वावर घेऊन. मी खुर्चीतून उठून दोनदा घरात चक्कर मारली. माणिकबाईंना वरून खाली बोलावलं. त्यांनी कार्ड पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं हाय."

अंकुर मला सांगायचा, उड्डाणानंतरचं पहिलं डावं वळण त्याला सगळ्यात आवडतं, कारण शिकणारा डाव्या बाजूला बसतो आणि त्या वळणावर आख्खं रान त्याच्या खांद्याखाली येतं. तुलाही सांगितलं असेल. म्हणूनच तू हे काढलंस, हे मी ओळखलं.

तू म्हणतेस पंखा फिरता नको. तेवढं मी ऐकलं नाही. उडत्या विमानाचा पंखा थांबलेला दाखवला तर बघणारे हसतील, बेटा. मी पाती काढली आणि पारदर्शक चकती बसवली, उजेडात धरली की फिरल्यासारखी दिसते. पोटाला भोक पाडलं आहे, त्यात काचेची काडी बसेल, तुझ्या वावरात तेवढीच एक जागा कोरून ठेव. आणि डाव्या सीटवर माणूस बसवला. किटमधला माणूस ठेंगणा होता, त्याची मान मी तासून वाढवली. अंकुरची मान तशी होती. चेहरा अजून रंगवलेला नाही.

मी खोटं कशाला लिहू, या महिन्यात मला बरं वाटून राहिलं. रोज उठावंसं वाटतं.

दिवाळी आली. मी अकोल्यातच आहे. ताईला माझं काही सांगू नकोस. पण तिनं विचारलंच, तर तब्येत चांगली आहे म्हण.

मामा


अमरावती
२७ ऑक्टोबर २०२५

मामा,

ते उडत नाही.

मला वाटलं होतं तुम्हाला कळेल. शेपटीचा नंबर दिला, शेत दिलं, पंखा थांबलेला सांगितला. पण चूक माझी आहे, मी शब्दांत लिहिलं नाही. आता लिहिते. डावा पंख जमिनीत घुसलेला आहे. त्यासाठीच ते कार्ड. नाक खाली आहे, पुढचं चाक मोडलेलं. पंख्याची पाती मागे वाकलेली. घुमट फुटलेला. आत माणूस नाही, त्याला गावातल्या लोकांनी आधीच काढलं होतं.

काडी, चकती आणि तो माणूस काढून टाका. पंखाचं टोक मेणबत्तीवर धरून वाकवता येईल, तुम्हीच मला एकदा मोडका ट्रक तसा करून दाखवला होता. पुढचं चाक चिमट्यानं मोडा. मातीचा रंग मी इथे देईन.

तुम्ही म्हणाल, कशाला. मामा, आम्हाला काहीच पाहायला मिळालं नाही. पेटी आली ती बंद. आई म्हणाली उघडा, तर पुरुषमंडळी मधे उभी राहिली. तुम्हीही होतात. "ताई, नको पाहू," असं तुम्हीच म्हणालात आणि तिचा हात धरून तिला बाजूला नेलं. मी तिथेच होते आणि मीही काही बोलले नाही. नंतर एप्रिलमध्ये मी एकटी, विमान पडलं त्या गावाला जाऊन आले. घरी सांगितलं कॉन्फरन्स आहे. शेत मोकळं होतं, कोरडं, भेगांनी भरलेलं. मालक म्हणाला, इथं कुठंतरी. मी त्या मातीवर उभी राहिले आणि मला काही वाटलं नाही. मला वाटलं, डोळ्यासमोर काही असतं तर वाटलं असतं. ते मी करते आहे.

जानेवारीतल्या प्रदर्शनात मी टेबल घेतलं आहे. तिथेच मांडणार. लोक अजून विचारतात, "कसं झालं हो?" बँकेत विचारतात, लग्नात विचारतात, तोंडात आरसा घातलेला पेशंटसुद्धा विचारतो. आता मांडूनच ठेवते. पाहून घ्या म्हणावं.

आईनं तुमच्याबद्दल विचारलं नाही. भाऊबीजेला तिनं चंद्राला ओवाळलं आणि तबक तसंच ओट्यावर ठेवलं.

आचल


अकोला
१८ नोव्हेंबर २०२५

चि. आचल,

उत्तराला उशीर झाला. करून पाहिलं, म्हणून उशीर झाला.

काडी काढली. चकती काढून पाती परत बसवली. माणूसही काढला. मग मेणबत्ती लावली आणि विमान चिमट्यात धरलं. मेणबत्ती अर्धी झाली तरी हात पुढे गेला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. ट्रक मोडला होता, वाडे मोडले, एकदा तर आख्खा पूल मोडला तुझ्यासाठी. हे माझ्यानं होत नाही. तू रागाव, पण होत नाही.

आणखी एक आहे, तेही आता सांगून टाकतो. मी पेटी आणायला गेलो तेव्हा आधी त्या वावरात गेलो होतो. विमान तिथंच होतं, अजून हलवलेलं नव्हतं. मी पाहिलं आहे. तू आखलंस तसं नव्हतं ते. पंख घुसलेला नव्हता. तुझं कार्ड चुकीचं आहे.

कसं होतं ते मी लिहिणार नाही. तुम्हाला दाखवलं नाही ते बरोबरच केलं असं मला अजून वाटतं, आणि पुन्हा वेळ आली तरी ताईला मी तसंच बाजूला नेईन. तिच्या डोळ्यांसमोर ते राहिलं नाही, माझ्या राहिलं, तर राहू दे.

ते टेबल सोडून दे, बेटा. लोकांचं काय, ते पाहतील आणि पुढच्या टेबलावरची रणगाड्यांची लढाई पाहायला जातील.

विमान माझ्याकडे आहे. धड आहे.

मामा


अमरावती
३० नोव्हेंबर २०२५

ती. मामा,
सा. न.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात आईनं वावर पाहिलं.

मी ते दवाखान्यामागच्या खोलीत ठेवते. ती तिथे कधी येत नाही. त्या दिवशी मी डबा विसरले म्हणून आली आणि थेट आत. मी एका बाईंना भूल दिली होती, त्यांना सोडून उठता आलं नाही. काम संपवून गेले तेव्हा आई स्टुलावर बसली होती. वावर समोर, पदर मांडीवर, डबा हातात तसाच.

"हे कोनाचं वावर व्हय?" तिनं विचारलं.

मग तीच म्हणाली, "तेच व्हय ना?"

मी हो म्हटलं. वाटलं आता ती उठेल, काहीतरी फेकेल, निदान रडेल. ती खाली वाकून तुरीच्या ओळी पाहत राहिली. मग बोट लावून मातीची भेग चाचपली.

"कोरडं काहून केलं? भादवा व्हता."

मी म्हटलं, मी एप्रिलमध्ये जाऊन आले, तेव्हा असंच होतं. मी गेले होते हे तिला तेव्हाच कळलं. तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याची पोरगी आहे ती, आणि मी सप्टेंबरची तूर एप्रिलच्या मातीत उभी केली होती. इतकी मापं घेतली आणि पावसाळा विसरले.

"अन् इमान?"

"मामांकडे आहे. मी त्यांना ते मोडायला सांगितलं होतं. त्यांच्यानं मोडवत नाही."

"त्यानं पायलं व्हतं काय?"

तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी तिला वाचून दाखवलं. सगळं, "ताईला मी तसंच बाजूला नेईन" हेसुद्धा. ती ऐकत होती की नाही ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मग डबा टेबलावर ठेवून म्हणाली, जेवून घे, थंडा झाला. आणि घरी गेली.

चार-पाच दिवस तिनं विषय काढला नाही. काल माझ्याकडून कागद मागून घेतला. सोबत जोडते आहे. मी वाचलेला आहे, कारण तिनं घडी न घालताच दिला.

आचल


(सोबतचा कागद)

देवराव,

कौशल्याचा आशीर्वाद.

आचल म्हणते तुयाकडून इमान मोडत नाई. मोडू नको. त्याच्या हाती ते तू देलं व्हतं, आता तूच मोडाचं नाई. मी मनात तुले लय बोलली. एक वर्स रोज बोलली. ते खरं व्हतं का खोटं, मले मालूम नाई. तू मनाले लावून घेतलं असशील तर घे, मी ते वापस घेत नाई.

पर तू पायलं अन् मले पाहू देलं नाई, हे बराबर केलं नाई. माया पोटचा व्हता. मले काय पाहाचं अन् काय नाई, ते मी पायलं असतं.

इमान घेऊन ये. जसं हाय तसं आन. अन् जे पायलं ते मले सांग, काई लपवू नको. सकायच्या गाडीनं ये म्हंजे जेवाले पोचशील.

कौशल्या


अमरावती
११ जानेवारी २०२६

ती. मामा,
सा. न.

प्रदर्शन आज संपलं. टेबल मी सोडलं नव्हतं. पण ते सांगण्याआधी तुम्ही येऊन गेलात त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे, कारण त्या दिवशी मी तुमच्यासमोर नव्हते.

तुम्ही आईला सांगायला लागलात तेव्हा मी चहा ठेवते म्हणून उठले. चहा ठेवलाच नाही. गॅसपाशी उभी राहून सगळं ऐकलं. तो एकटाच उडवत होता आणि इंजिन बंद पडल्यावर त्यानं विमान वावरात उतरवलं होतं, हे ऐकलं. चाकांचे दोन सरळ चर तुरीतून गेलेले तुम्ही पाहिलेत, जवळजवळ धुऱ्याच्या बांधापर्यंत. मग ओल्या मातीनं चाकं धरली आणि विमान उलटं झालं. दुरून पाहिलं तर धड दिसत होतं, असं तुम्ही म्हणालात. पंख धड, शेपटी धड, नुसतं पाठीवर, घुमटावर पडलेलं.

आई म्हणाली, "भादव्यातली काळी माती. बैल सोडत नाई ते, चाक काय सोडते."

मग तुम्ही म्हणालात, त्याला कळलंही नसेल ताई, एका क्षणात झालं. आई "हं" म्हणाली.

तुम्ही गाडीला गेल्यावर ती विमान हातात घेऊन बसली. खरं सांगायचं तर तिनं अंकुरचं विमान कधी पाहिलंच नव्हतं. फोटो मोबाइलवर दाखवले होते, पण त्यात तो पुढे उभा आणि मागे थोडासा पंख. तिच्या मनात ते बेलोऱ्याच्या विमानतळावर उतरतं तसं मोठं विमान होतं, खिडक्यांच्या रांगा असलेलं. तुम्ही केलेल्या विमानाला दोनच सीटा पाहून तिनं मला विचारलं, बाकीची माणसं कुठं बसत. मी म्हटलं, बाकीची माणसं नसतातच. एवढंच असतं. आपल्या कारपेक्षाही आत जागा कमी.

"मंग त्याच्यात तो मावला कसा?"

मी सांगितलं, गुडघे वाकवून बसायचा, डोकं वर काचेला लागायचं, त्याचीच तक्रार असायची. तिनं घुमटावर अंगठा ठेवला. तुम्ही तो धड ठेवला होता, एकाच तुकड्यात. अंगठा तसाच ठेवून ती म्हणाली,

"घाबरला असंल ना वं तो?"

मामा, वर्षभर येणारा प्रत्येक माणूस आम्हाला सांगत आला, की त्याला काही कळलं नसेल. तुम्हीही तेच सांगितलंत. मीही पेशंटना हेच सांगते, कळणार नाही, दुखणार नाही. पण त्यानं इंजिन बंद पडलेलं पाहिलं होतं, वावर निवडलं होतं, चाकं टेकवली होती. त्याला सगळं कळत होतं. मी म्हटलं, हो आई, घाबरला असेल.

ती रडली. आवाज काढून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मला वाटलं आता मलाही येईल. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं विमान तिच्या कपाटात साड्यांच्या वर ठेवलं. मी प्रदर्शनाचं विचारलं तर म्हणाली, वावर ने तुयं, इमान मी देत नाई. मी आग्रह केला नाही. वावराचं काम मात्र पुन्हा केलं. भेगा बुजवल्या, मातीला पातळ वॉर्निश देऊन ओल आणली, पंखासाठी कोरलेला खड्डा भरून काढला, आणि तुम्ही सांगितले तसे दोन चर तुरीतून ओढले. बाकी काही ठेवलं नाही.

दोन दिवस मी त्या टेबलाशी उभी होते. शेजारी खरोखरच रणगाड्यांची लढाई होती, गर्दी तिथेच. माझ्याकडे येणाऱ्यांना कळत नव्हतं हे काय आहे. कोणी तुरीचं कौतुक केलं. एकजण म्हणाला, ट्रॅक्टरचे चर मस्त काढलेत. आज दुपारी बडनेऱ्याचे एक म्हातारे गृहस्थ आले, नातीला घेऊन. त्यांनी पाटी वाचली. पाटीवर मी विमानाचं नाव, मोजमाप आणि तुमचं-माझं नाव लिहिलं होतं, नेहमीसारखं. ती काढायची राहून गेली होती. त्यांनी पुन्हा वावराकडे पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं.

"मॅडम, इमान कुठी हाय?"

मी म्हटलं, "घरी आहे. आईजवळ."

एवढं बोलले आणि मला रडू आलं, मामा. तिथेच, उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर. थांबेचना. ते गृहस्थ घाबरले, त्यांना वाटलं त्यांचंच काही चुकलं. नातीनं तिची पाण्याची बाटली पुढे केली. मी खुर्चीवर बसले आणि अंकुरसाठी रडले, संध्याकाळी हॉल बंद करायला माणूस आला तोवर.

आचल